सोळा ढांगांचं मैदान

शाळेचा निकाल खाली आला की पहिली कुऱ्हाड खेळावर पडते. तीस वर्षं मी गणित शिकवलं आणि जूनमधल्या जवळजवळ प्रत्येक बैठकीत हे ऐकलं. कुणीतरी घसा खाकरून म्हणायचं, "मैदानावरचा खर्च जरा आटोपता घेऊ, पोरं अभ्यासाला लागतील." मग सगळे माझ्याकडे बघायचे, कारण गणिताचा मास्तर म्हणजे खेळाचा वैरी असा आपल्याकडे समज आहे. मी खिडकीबाहेर बघत बसायचो. त्यांना वाटायचं, याला विषयात रस नाही. खरं म्हणजे माझ्या डोळ्यांपुढं एक अंबाडीची दोरी यायची.

आमचं गाव शिरूर तालुक्याच्या टोकाला, वडगाव रासाईच्या पुढं, भीमेच्या काठावर. नदी ओलांडली की दौंड तालुका. माझे वडील दौंडला रेल्वेत गँगमन होते. रुळांखाली खडी सारायची, बोल्ट आवळायचे, उन्हातान्हात मैलोन्‌मैल चालायचं. आठवडाभर ते तिकडंच राहायचे आणि सुट्टीला नावेनं नदी उतरून घरी यायचे. आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला, विहारापाशी. तिथून हायस्कुलात जाणारी आम्ही चार-पाच पोरं, आणि त्यात मी पहिल्या नंबरचा. नुसता वस्तीत नव्हे, अख्ख्या वर्गात. माझ्या आईला या गोष्टीचं इतकं अप्रूप की माझं प्रगतिपुस्तक ती पत्र्याच्या पेटीत, लग्नातल्या लुगड्याखाली ठेवायची. मलाही त्याची मिजास होती, हे कबूल करायला हवं. त्या वयात मी मुद्दाम पुस्तकातल्यासारखं बोलायचो. कुणी "न्हाई" म्हणालं की "नाही म्हण" असं सांगायचो. असला शहाणा पुढं माझ्या वर्गात आला असता तर मी त्याचा कान पिळला असता.

माझा सोबती याच्या अगदी उलटा. नदीकडच्या मळ्यात झेंडू आणि शेवंती पिकवणाऱ्या घरातला. उंच, लांब पायांचा, कायम दात काढणारा. नववीत एकदा गटांगळी खाऊन तो आमच्या वर्गात आला होता, आणि माझ्या शेजारी बसला तो गणित उतरवून घ्यायला. पण दोस्ती झाली ती खरी. मधल्या सुट्टीत तो माझ्याबरोबर एका डब्यात जेवायचा. त्याच्या घरी हे ठाऊक होतं की नाही, मी कधी विचारलं नाही आणि त्यानं कधी सांगितलं नाही. त्याच्या अंगाला झेंडूचा उग्र वास यायचा, कारण पहाटे फुलं तोडूनच तो शाळेत यायचा. त्याच्या वडलांनी त्याला एकच सांगून ठेवलं होतं, "आवंदा नववी सुटली तर शीक. न्हाई सुटली तर पाटी ठिव आन् मळ्यात चल."

त्याला गणित कळायचं नाही, पण खो-खोच्या मैदानावर तो राजा होता. खो-खो हा आमच्यासारख्या शाळांचा खेळ. दोन खांब, घमेलंभर फक्की आणि नऊ पोरं जमली की झालं. खांबापाशी गडी टिपण्यात त्याच्यासारखा मी पुन्हा पाहिला नाही. पळणारा गडी खांबाला वळसा घालून निसटणार, तेवढ्यात हा लांबूनच सूर मारायचा. एक हात खांबाला, दुसरा गड्याच्या पाठीवर. आणि खांबाकडं तो बघायचाच नाही. मी एकदा विचारलं, "तुला खांब दिसतो कसा?" तर म्हणाला, "बघायचं कशाला? ह्या खांबापासनं त्या खांबापतोर सतरा ढांगा. सोळावी पडली की झोकून द्यायचं." बीजगणितात ज्याला क्ष म्हणजे काय हे सांगता येत नव्हतं, त्याच्या पायांत हा हिशोब असा पक्का बसलेला होता.

शाळेत खेळावर खर्च व्हायचा नाही असं नाही. दर सत्राला फीबरोबर खेळाचे थोडे पैसे घेतले जायचे. त्यातून हेडसरांनी एक व्हॉलीबॉल आणला होता. तो ऑफिसातल्या लोखंडी कपाटात, हवा काढून, पेपरात गुंडाळून ठेवलेला असायचा. तपासणीला साहेब आले की त्यात हवा भरायची, टेबलावर ठेवायचा, साहेब गेले की हवा काढून पुन्हा आत. एकदा पीटीच्या सरांनी तो मागितला तर हेडसर म्हणाले, "खेळून फुटला तर साहेबांना काय दाखवू?" आम्ही त्या बॉलला हेडसरांचा मुलगा म्हणायचो. पीटीचे सर गमतीनं म्हणायचे की हा एकच विद्यार्थी शाळेत कधी नापास झाला नाही.

पण हेडसर वाईट माणूस नव्हते. करडे होते. दहावीचं नवं बोर्ड येऊन दोन-तीनच वर्षं झाली होती आणि आमच्या शाळेचा निकाल म्हणजे रडकथा होती. संस्थेची माणसं त्यांनाच धारेवर धरायची. आपल्या पोरांनी मॅट्रिक होऊन कुठंतरी चिकटावं यापलीकडं त्यांना काही दिसत नव्हतं, आणि पोरं मैदानावर दिसली की ते व्हरांड्यातून ओरडून त्यांना वर्गात पाठवायचे. पीटीचे सर त्यांच्यासमोर गरीब गाय. एकच पांढरे कॅनव्हासचे बूट, त्यांना रोज खडूची पूड लावून यायचे. भूगोलही तेच शिकवायचे आणि गॅदरिंगचा पडदाही तेच ओढायचे.

त्या वर्षी शिरूरला तालुक्याच्या स्पर्धा झाल्या आणि आमची पोरं जिंकून आली. बाभळीच्या वाकड्या खांबांवर, अनवाणी सराव करून. निम्मा गाव एसटीच्या फाट्यावर आला होता. हेडसरांना हार घातला तेव्हा ते चक्क हसले. त्या हसण्याच्या भरात त्यांनी आयुष्यातला सर्वांत मोठा खर्च मंजूर केला: नवे सागवानी खांब. शिरूरच्या सुताराकडून रंधा मारून, तेल पाजून आणलेले. दिवाळीआधी ते बैलगाडीतून आले तेव्हा आम्ही त्यांना हात लावून बघत होतो. आता जिल्ह्याच्या स्पर्धा दौंडला, डिसेंबरात.

खांब आले आणि हेडसरांनी फर्मावलं, "एवढे चांगले खांब शाळेच्या मागं कशाला? पुढं रोवा. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसले पाहिजेत." म्हणजे जुनं मैदान सोडायचं आणि झेंड्याच्या काठीपुढं नवं आखायचं. शाळेकडं लांब टेप नव्हता. होती फक्त वर्गातली लाकडी मीटरपट्टी. पीटीच्या सरांनी नियमाचं पुस्तक माझ्यापुढं ठेवलं आणि म्हणाले, "वर्गात पहिला आहेस. मैदान तू मापायचं."

माझी छाती वीतभर फुगली. मी खेळात नव्हतो. पळालो की धाप लागायची. या विजयात माझा काडीचा वाटा नव्हता, आणि आता अख्खं मैदानच माझ्या नावावर होणार होतं. दोरी माझ्या सोबत्यानं आणली, त्याच्या आईची, फुलांच्या लावणीला सरळ ओळ धरायची अंबाडीची दोरी. संध्याकाळी मी ती व्हरांड्यात ताणून धरली, मीटरपट्टीनं मोजली, खूण करायच्या प्रत्येक जागी चिंधी बांधली. तीन वेळा मोजली. एक बोटभर फरक नव्हता. मग गुंडाळून पाण्याच्या पिंपाशेजारी ठेवली आणि घरी गेलो.

सकाळी पोरींनी धूळ बसावी म्हणून मैदानावर घागरींनी पाणी शिंपलं. पिंपातून पाणी काढताना सांडलं ते सगळं दोरीवर. मी गेलो तेव्हा ती चिंब होती. मी ती तशीच उचलली. अकरा वाजता नारळ फोडायचा होता, गावातली पंच मंडळी यायची होती, खड्डे खणून तयार व्हायचे होते. दोरीचं एक टोक सोबत्याच्या हातात दिलं. त्यानं ती चिमटीत धरून बघितली आणि म्हणाला, "वली हाय ही. अंबाडी हाय, आखडती. उन्हात टाकू, दुपारी आखू."

हे मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. आमच्या घरची बाज झोळ खायला लागली की तिच्यावर तांब्याभर पाणी मारायचं काम माझंच होतं. पाणी पडलं की अंबाडी आवळून येते, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण ते घरचं शहाणपण झालं. शाळेच्या फाटकातून आत आलं की घरचं शहाणपण चपलेबरोबर बाहेर काढून ठेवायचं, अशी माझी त्या वेळची समजूत होती. मी सगळ्या पोरांसमोर त्याला म्हणालो, "मीटर म्हणजे मीटर. भिजला म्हणून मीटर कमी होत नाही. सहामाहीत गणितात किती पडले तुला?"

"सात."

"मग गप्प बस आणि टोक धर."

पोरं खो खो हसली. तोही हसला आणि त्यानं टोक धरलं.

अकरा वाजता खांब उभे राहिले. हेडसर, पंच मंडळी, मास्तर लोक, सगळे ओळीनं उभे. मी हातात दोरी घेऊन या टोकाहून त्या टोकाला जातोय, "इथं खूण करा, इथं फक्की टाका" असं मोठ्या पोरांना सांगतोय. पंचांपैकी एक म्हातारा शेजारच्याला म्हणाला, "खालच्या वस्तीतलं दिसतंय." पीटीचे सर मुद्दाम मोठ्यानं म्हणाले, "वर्गात पहिला आहे तो." कुंपणाच्या बाहेर, घाणेरीच्या जाळीपाशी, माझी आई उभी होती. कामावर जाताजाता थांबली असेल. मी तिला बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. खड्ड्यांत दगड, मुरूम घालून खांब चोपून बसवले. आता ते दहा बैलांनी हलले नसते.

आठवडाभरात सोबती मला म्हणाला, "आरं, पयली सतरा ढांगा हुत्या. आता सोळातच खांब येतोय."

"तू जोरात पळायला लागलास," मी म्हणालो. "ढांग लांब पडते तुझी."

त्यानं माझ्याकडं जरा बघितलं. "व्हय, तसंच आसंल," म्हणाला आणि गेला. पुढचे दोन महिने तो आणि ती आठ पोरं त्या मैदानावर सकाळ-संध्याकाळ पळाली. सोळा ढांगा. पंधरावी पडली की झोकून द्यायचं. पायांना एकदा शिकवलं की पाय विसरत नाहीत.

मधेच सहामाहीचे सगळे पेपर वाटून झाले आणि हेडसरांचा पारा चढला. नवातली चार पोरं, त्यांत माझा सोबती, गणितात आडवी झाली होती. त्यांनी चौघांना ऑफिसात उभं केलं. मी वह्यांचा गठ्ठा ठेवायला गेलो होतो, म्हणून ऐकलं. "सागवानी खांब आणले तर डोकीही सागवानी झाली यांची," ते पीटीच्या सरांवर ओरडले. "पुढच्या वर्षी खेळाचा एक पैसा मिळणार नाही. सगळे पैसे दहावीच्या अभ्यासिकेला. कंदील आणा, प्रश्नसंच आणा."

पीटीचे सर आयुष्यात पहिल्यांदा मान वर करून बोलले. "साहेब, दौंड होऊ द्या. दौंड जिंकलं तर?"

हेडसरांनी टेबलावरचे पेपर सरळ केले. मग म्हणाले, "जिंकलं तर खेळाचे पैसे राहतील. आणि ही चार पोरं, एखाद्या विषयात अडली तर मी खेळाडू म्हणून वर घालीन. शब्द देतो. हरलात तर दोन्ही विसरा."

बाहेर आल्यावर सोबत्यानं माझ्या पाठीत थाप मारली. "म्हंजी गणित न्हाई आलं तरी दहावी?" त्याचे डोळे असे चमकत होते की मलाही आनंद झाला. आम्ही दोघं एका बाकावर दहावीला बसणार, अशी त्याची गणितं सुरू झाली. एवढं एकच गणित त्यानं माझ्याशिवाय मांडलं.

दौंडला आम्ही असे गेलो: पहाटे नावेनं नदी उतरलो, पलीकडच्या वाटेनं केडगाव स्टेशनापर्यंत चालत, आणि तिथून पॅसेंजर. मला पाणी पाजायला आणि गुण लिहायला बरोबर घेतलं होतं. आमच्यातल्या तिघांनी आगगाडी पहिल्यांदाच आतून बघितली. एकानं भाकरीच्या फडक्यातली चटणी सगळ्यांना बोटानं चाटवली. इंजिनाच्या कोळशाची कणी उडून डोळ्यात जायची आणि आम्ही डोळे चोळतचोळत पुन्हा बाहेर डोकं काढायचो. इतका सुखाचा प्रवास मी नंतर पहिल्या वर्गानंही केला नाही.

मैदान रुळांपासून लांब नव्हतं. मातीत कोळशाची काळी कणी मिसळलेली. समोरच्या संघाच्या अंगात एकसारख्या निळ्या बनियनी आणि पायात बूट. आमची पोरं अनवाणी. कडेला माझे वडील उभे होते, खांद्यावर टॉवेल, हातात डबा. सुट्टी काढून आले होते, हे मला नंतर कळलं.

सामना सुरू झाला आणि काहीतरी बिघडलंय हे पाच मिनिटांत कळलं. आमची पोरं खो द्यायची ती अर्धी ढांग आधीच. पळणारा खांबाला वळसा घालून जायचा आणि आमच्या गड्याच्या हातात नुसती हवा. पीटीचे सर रेषेवरून ओरडत होते, "अरे, घाई करू नका!" त्यांना कुठं माहीत होतं की पोरं घाई करत नव्हती, शिकवलं तसंच पळत होती. मी गुणांच्या वहीत खाली मान घालून बसलो होतो. मैदानाकडं बघायची गरजच नव्हती. हे मैदान आमच्या मैदानापेक्षा मोठं दिसतंय, हे मी आल्याआल्याच बघितलं होतं. नियमाचं पुस्तक माझ्या दप्तरात होतं. मोठं हे मैदान नव्हतं, लहान आमचं होतं.

तरीही पोरांनी ओढून आणलं. शेवटच्या मिनिटाला एक गडी टिपला असता तर बरोबरी होऊन डाव वाढला असता. माझा सोबती पाठलागावर. त्यानं त्या निळ्या बनियनीच्या पोराला एका खांबापासून हाकलत दुसऱ्या खांबाकडं नेलं. मी मनात मोजत होतो. तेरा. चौदा. पंधरा. त्यानं झोकून दिलं. खांब अजून एक ढांग लांब होता. तो हनुवटीवर आपटला, कणीवरून फरफटत गेला आणि त्याचा हात खांबाच्या वीतभर अलीकडं पडला. शिट्टी वाजली. एका गड्यानं आम्ही हरलो.

वडील धावत आले. त्यांनी आपल्या टॉवेलानं त्याची हनुवटी पुसली, पाणी ओतून कोळशाची कणी काढली. रक्त थांबत नव्हतं. वडील रुळावरचा माणूस. दोन रुळांमधलं अंतर दिवसभर लोखंडी गजानं तपासायचं, हेच त्यांचं काम. त्यांनी विचारलं, "लेका, इतक्या लांबनं का उडी घेतलीस? तुमच्या साळंतलं मैदान मापलं कशानं?"

"दोरीनं, मामा," तो म्हणाला.

"कुणी?"

त्यानं माझ्याकडं बोट केलं नाही. मीच म्हणालो, "मी."

वडलांनी माझ्याकडं बघितलं. "सुकी हुती का वली?"

आयुष्यात मी परीक्षेला इतका घाबरलो नव्हतो. प्रश्न चार शब्दांचा, उत्तर मला येत होतं. पीटीचे सर जवळच उभे होते. सगळी पोरं ऐकत होती. मी म्हणालो, "सुकी होती."

सोबत्याच्या हनुवटीवरून पाणी आणि रक्त ठिबकत होतं. त्यानं मान वर केली, माझ्याकडं बघितलं आणि वडलांना म्हणाला, "व्हय मामा. सुकीच हुती. माजाच अंदाज चुकला."

हेडसरांनी शब्द पाळला, दोन्ही बाजूंनी. खेळाचे पैसे बंद झाले, अभ्यासिकेला कंदील आले. चौघांतले दोघं घासूनपुसून सुटले, एक मामाकडं वरवंडला गेला, आणि माझा सोबती एप्रिलच्या परीक्षेत गणितात पुन्हा नापास झाला. पुढच्या वर्षी दहावीचा निकाल खरंच वाढला. मी केंद्रात पहिला आलो. सत्कारात हेडसर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मैदान बंद केलं त्याचं हे फळ." टाळ्या पडल्या. पीटीचे सर मागच्या रांगेत होते, त्यांनीही वाजवल्या. त्यांच्या बुटांना त्या दिवशी खडू लावलेला नव्हता. मी हार घालून घेतला आणि आईनं तो हार पेटीत, लुगड्याखाली ठेवला.

पण मला सांगायचंय ते नववीच्या निकालाच्या दिवसाचं. निकाल वाचून झाला, पोरं पांगली. मी झेंड्याच्या काठीपाशी त्याला काय बोलावं या विचारात उभा होतो. तो ऑफिसच्या अडगळीतून ती दोरी घेऊन आला. "आयला लावणीला पायजे," म्हणाला. मग त्यानं काय केलं, तर दोरीचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि मला या खांबापाशी उभं केलं. दुसरं टोक घेऊन तो चालत गेला. मे महिन्याचं ऊन, दोरी कडकडीत वाळलेली. चिंध्या तशाच बांधलेल्या होत्या, माझ्याच हाताच्या गाठी. तो दुसऱ्या खांबापाशी पोचला आणि तरी चालत राहिला. खांबाच्या पलीकडं चार फूट गेला तेव्हा दोरी ताणली गेली. शेवटची चिंधी त्याच्या हातात होती.

तो तिथं उभा राहून हसला. "आता सुकलीया," म्हणाला.

हनुवटीवरची खूण हसताना पांढरी पडली. त्याच्या हसण्यात राग असता तर मला बरं वाटलं असतं. मी त्याच्याजवळ गेलो आणि विचारलं, "तुला तेव्हापासून कळलं होतं, तर सरांना सांगितलं का नाहीस?"

तो दोरी कोपरावर गुंडाळत होता. "सांगणार हुतो. पर तुज्या हातात दोरी हुती आन् समदे पंच बगत हुते. तुजी आय कुपाटीपाशी हुबी हुती. पदर डोळ्याला लावलेला तिनं. म्हटलं, आता सांगितलं तर तुज्या हातनं दोरी काढून घेतील." मग दात काढून म्हणाला, "आन् खरं सांगू का? मला वाटलं, येका ढांगंचं काय येवढं? मारीन की मी जास्तीची."

तो निघाला. फाटकापाशी वळून ओरडला, "मास्तर झालास तर दोरी वाळवून घेत जा!"

मास्तर झालो. पहिल्या पगारातून लोखंडी टेप घेतला आणि ज्या ज्या शाळेत गेलो तिथलं मैदान स्वतः मापलं. बैठकीत खेळावर कुऱ्हाड पडायला लागली की मात्र गप्प बसलो, कारण बोलायचं तर इथपासून बोलावं लागलं असतं. तो भेटतो अजून. शिक्रापूरच्या चौकात त्याची फुलांची गाडी लागते, मला चहा पाजल्याशिवाय सोडत नाही. दौंडचा विषय त्यानं इतक्या वर्षांत काढला नाही आणि माझी हिंमत झाली नाही. वडील गेले, ते मी सांगितलं तेच खरं धरून गेले. त्याला वाचायचा कंटाळा आहे, पण त्याची नात शाळेत जाते आणि आजोबांना मोठ्यानं वाचून दाखवते, असं तो कौतुकानं सांगत असतो. तेव्हा पोरी, आजोबांना एवढं वाचून दाखव. चारचौघांत विचारलं होतं, म्हणून चारचौघांत सांगतो. दोरी ओली होती.